गावात मुलांचा फुटबॉल क्लब: कशाच्या आधी काय करायचं

सुगी आटोपून रानं मोकळी झाली की बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात दरवर्षी तेच घडतं. फोनवर कुठल्यातरी स्पर्धेचं पोस्टर येतं. गल्लीतली जाणती पोरं पट्टी गोळा करतात, जर्सी छापायला टाकतात, मग जर्सी आहेत तेवढी मुलं शोधतात आणि स्पर्धेच्या आदल्या दोन संध्याकाळी सराव घेतात. दुसऱ्या फेरीपर्यंत संघ बाहेर पडतो. पुढच्या वर्षी नवं नाव, नवी जर्सी. यात सगळ्यात जास्त भरडली जातात ती दहा-बारा वर्षांची मुलं. चार सामने बाकावर बसतात आणि पाचव्यांदा येतच नाहीत.

हा लेख सहा ते पंधरा वयाच्या मुलांच्या क्लबसाठी आहे. जर्सीचा विषय यात फार उशिरा येतो.

सुरुवात नोव्हेंबरात करा. पाऊस संपलेला असतो, जमीन वाळलेली असते. फेब्रुवारीपर्यंत सराव अंगवळणी पडतो, एप्रिल-मेच्या सुट्टीत पहिले सामने खेळता येतात. जूनमध्ये सुरू केलं तर महिनाभरात रोपलावण येते, निम्मी मुलं चिखलात असतात आणि खानापूरच्या बाजूला तर मैदानावर पायच ठरत नाही.

१. आधी तीन माणसं ठरवा

मैदान, बॉल, नाव यांच्या आधी तीन मोठी माणसं लागतात. एक सराव घेणारा. दुसरा कागद आणि पैसे बघणारा. तिसरी व्यक्ती मुलांची ये-जा, हजेरी आणि पालकांशी बोलणं सांभाळणारी. ही बाई असेल तर फार बरं, कारण मुली येणार की नाही हे पुष्कळदा त्यावरच ठरतं. तिन्ही कामं एकाच उत्साही माणसाच्या गळ्यात पडली, की त्याच्या घरी लग्न निघालं त्या महिन्यात क्लब बंद पडतो. हे मी तीनदा पाहिलं आहे.

तिघांनी पहिल्याच दिवशी मान्य करायचे नियम:

- मैदानावर कायम दोन मोठी माणसं. एकटा मोठा माणूस आणि एकटं मूल अशी वेळ खोलीत, गाडीवर, कुठेही येऊ द्यायची नाही.
- मुलांवर हात उगारायचा नाही. ‘आम्हीपण मार खाऊनच शिकलो’ हे कारण चालणार नाही.
- मुलांना रात्री वैयक्तिक मेसेज नाहीत. निरोप पालकांच्या ग्रुपवर.

सावध: मुलाच्या बाबतीत लैंगिक छळाची शंका आली तर ती कळवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं बंधनकारक आहे. गावची अब्रू म्हणून आपसात मिटवायचा अधिकार कुणालाच नाही. मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर १०९८ सगळ्या पालकांना पहिल्याच सभेत द्या.

२. मैदान: परवानगी, सफाई, आखणी

सरकारी शाळेचं मैदान हवं असेल तर मुख्याध्यापक आणि एसडीएमसी (शाळेची विकास व देखरेख समिती) या दोघांकडे जावं लागतं. नुसतं ‘सर हो म्हणाले’ पुरत नाही; सरांची बदली होते. गावाच्या जागेसाठी ग्रामपंचायतीत पीडीओंकडे (पंचायत विकास अधिकाऱ्यांकडे) अर्ज, शहरात महानगरपालिका, कॅम्पात कॅन्टोन्मेंट बोर्ड. अर्ज कन्नडमध्ये लिहून न्या आणि सोबत मराठी प्रत जोडा. माझा अनुभव असा की कन्नड अर्ज टेबलावर अडत नाही आणि त्याच भेटीत पोचही मिळते. पोच घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. अर्जात वार आणि वेळ लिहा: ‘मंगळवार, गुरुवार, शनिवार, संध्याकाळी साडेचार ते सहा’. वेळ मोघम ठेवली की क्रिकेटवाल्यांशी रोज वाद.

मग सफाई. सगळ्या मुलांना एका रांगेत, हाताच्या अंतरावर उभं करा आणि मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खाली बघत चालवा. काच कुणी उचलायची नाही. दिसली की हात वर करायचा, मोठा माणूस येऊन उचलेल. पहिल्या दिवशी आम्हाला अर्धी बादली भरून काचा मिळाल्या, शिवाय तंबूचे दोन खुंट, जमिनीतून बोटभर वर आलेले. त्यातला एक बरोबर गोलच्या तोंडाशी होता. दर सोमवारी किंवा त्या आठवड्याच्या पहिल्या सरावाला ही फेरी पुन्हा मारायची, कारण रविवारी मैदानावर कोण बसून गेलं हे सांगता येत नाही.

आखणीला टेप, सुतळी आणि फक्की लागते. कोपरा काटकोनात येण्यासाठी सुतळीवर आधी ३, मग पुढं ४, मग पुढं ५ मीटर मोजून गाठी मारा आणि त्या तीन बाजूंचा त्रिकोण ताणा. ३ आणि ४ च्या बाजूंमधला कोपरा बरोबर काटकोन असतो. डोळ्याच्या अंदाजानं आखलेलं मैदान एका टोकाला पाच-सहा मीटर अरुंद निघतं.

सावध: फक्की म्हणून कळीचा चुना वापरू नका. ओल्या जमिनीवर पडलेल्या मुलाच्या डोळ्यात किंवा खरचटलेल्या गुडघ्यावर तो गेला तर भाजतं. रांगोळी किंवा चुनखडीची साधी पूड घ्या.

गोल मोठ्यांचा नको. नियमातला मोठा गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो. अकरा वर्षांच्या कीपरचा हात वरच्या दांडीला लागतच नाही, मग मुलं एकच गोष्ट शिकतात, लांबून उंच बॉल मारायची. ५ बाय २ मीटरचा बांबूचा गोल बांधा. सुटा लोखंडी गोल असेल तर मागच्या पाइपवर वाळूची पोती आणि खुंट्या हव्यातच. दांडीला लोंबकळणाऱ्या मुलावर गोल उलटून जीव गेल्याच्या घटना जगभर झाल्या आहेत.

तपासा: दोन मोठ्या माणसांनी वरची दांडी धरून पुढे ओढून बघा. गोल हलला तर आज त्या गोलावर खेळ नाही.

३. कागद: इथंच सगळ्यात जास्त चुका होतात

एका स्पर्धेच्या टेबलावर आमच्या एका मुलाचे कागद परत आले. जन्मदाखला म्हणत होता १९ जानेवारी २०१३, शाळेचा दाखला म्हणत होता १ जून २०१२. मुलगा खरोखरच वयात बसत होता. पण आयोजकांचं म्हणणं, दोन कागद दोन वर्षं सांगतात, आम्ही कुठलं धरू? त्यांचं चुकलं असं मला आजही वाटत नाही. मुलगा पायरीवर बसून स्टॉकिंग खाली सरकवत होता, शिनगार्ड (नडगीवरची संरक्षक पट्टी) काढून एकावर एक ठेवत होता, आणि आतल्या मैदानात आमचा संघ दहा जणांनी सुरुवात करत होता. ही तपासणी मी तीन महिने आधी करायला हवी होती.

१ जून ही तारीख आपल्याकडे घरोघरी आहे. पहिलीत नाव घालताना वय बसावं म्हणून गुरुजींनी लिहिलेली. वयोगट मात्र बहुतेक ठिकाणी जन्मवर्षावर ठरतात, १ जानेवारी ही त्यातली रेघ. म्हणून काम या क्रमानं करा:

1. प्रत्येक मुलाचा मूळ जन्मदाखला मागवा. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, आणि आपल्याकडं माहेर पुष्कळदा चंदगड, गडहिंग्लज, आजरा इकडं असतं. म्हणजे मुलगा कर्नाटकातला आणि दाखला महाराष्ट्रातला. तो जिथं जन्म झाला तिथूनच मिळतो. इथल्या कचेरीत खेटे घालून उपयोग नाही.
2. जन्माची नोंद एका वर्षाच्या आत झाली आहे का ते नोंदणीच्या तारखेवरून बघा. नोंदच नसेल तर वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. त्याला वेळ जातो. शिवाय उशिरा नोंदवलेल्या दाखल्याकडे वयोगटाच्या स्पर्धेत शंकेनं पाहिलं जातं.
3. दाखला, शाळेचा दाखला, आधार हे तिन्ही शेजारी ठेवून नाव वाचा. एकावर आडनाव आधी, दुसऱ्यावर वडिलांचं फक्त आद्याक्षर, तिसऱ्यावर इंग्रजी स्पेलिंग वेगळं, असं हमखास निघतं.
4. फरक असेल तर शाळेतली दुरुस्ती आठवीपर्यंत उरका. दहावीच्या गुणपत्रिकेवर तारीख छापली गेली की दुरुस्ती फार अवघड होते.
5. प्रत्येक मुलाची एक फाइल: दाखल्याच्या चार झेरॉक्स, आधारची झेरॉक्स, चार फोटो, पालकांचं संमतीपत्र, रक्तगट, दमा किंवा फिट येत असल्यास त्याची नोंद, दोन फोन नंबर.

सावध: मूळ दाखला कुठल्याही आयोजकाकडं ठेवायला देऊ नका. दाखवा आणि परत घ्या.

वय लपवून मोठी मुलं खेळवायचा मोह सगळ्यांना होतो. भारतीय फुटबॉल महासंघ शंका असेल तिथं हाताच्या हाडांवरून वय ठरवणारी टीडब्ल्यू३ चाचणी करतो. त्यात मुलगा पकडला जातो. पण त्याहून मोठं नुकसान आधीच झालेलं असतं: पंधराचा मुलगा तेराच्यांत ताकदीवर जिंकत राहिला, त्याला पास, वळण, डोकं वर ठेवणं यातलं काही शिकावंच लागलं नाही, आणि सतराव्या वर्षी बरोबरीची मुलं समोर आली की त्याच्याकडं काही उरत नाही.

सीमेवरच्यांसाठी एक खास गोष्ट. खेळाडूची अधिकृत नोंदणी एका वेळी एकाच क्लबमध्ये असते. बेळगाव जिल्ह्यातला क्लब कर्नाटक राज्य फुटबॉल संघटनेच्या छत्राखाली येतो, कोल्हापूरचा क्लब महाराष्ट्राच्या वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनच्या. निपाणीहून कोल्हापूर जवळ, छत्रपती शाहू स्टेडियमवर सामन्याला उसळणारी गर्दी मुलांनी पाहिलेली, तेव्हा तिकडं ओढ असणारच. पण महासंघाच्या सीआरएस या खेळाडू-नोंदणीच्या प्रणालीत एका राज्यात नोंद झाल्यावर दुसऱ्या राज्यातून खेळायचं तर रीतसर बदली घ्यावी लागते. कुणीतरी ‘फक्त सही कर, पुढचं आम्ही बघतो’ म्हणालं म्हणून सही केलेली मुलं हंगामभर दोन्हीकडून बाहेर बसलेली मी पाहिली आहेत. शालेय स्पर्धांचा हिशेब वेगळा: तिथं शाळा ज्या राज्यात, मूल त्या राज्यातून.

क्लबची नोंदणी पहिल्याच महिन्यात करायची घाई नको. एक हंगाम टिकलात की कर्नाटक संस्था नोंदणी कायदा, १९६० खाली करा. किमान सात सभासद लागतात आणि दरवर्षी हिशेब व कार्यकारिणीची यादी सादर करावी लागते. तोवर पावतीपुस्तक आणि दोघांच्या सहीचं बँक खातं एवढं असलं तरी भागतं.

४. साहित्य: बॉल आधी, बाकी नंतर

जमलेले सगळे पैसे बॉलवर घाला. दोन मुलांमागं एक बॉल हे कमीत कमी. सहा ते आठ वर्षांना ३ नंबर, नऊ ते बाराला ४ नंबर, तेरापासून पुढं ५ नंबर. आठ वर्षांच्या मुलाला ५ नंबरचा बॉल दिला की तो पायाच्या टोकानं ठोसायला लागतो, आणि ती सवय पुढं मोडता मोडत नाही.

हवा भरताना सुई आधी ओली करा. कोरडी सुई घुसवली की आतला व्हॉल्व्ह फाटतो आणि नवा बॉल आठवड्यात बसतो. भरल्यावर अंगठ्यानं दाबा. किंचित दबला पाहिजे. दगडासारखा टणक बॉल लहान मुलं पायावर घ्यायला भितात, मग अंग चोरतात.

कोनऐवजी जुन्या चपला किंवा अर्ध्या भरलेल्या पाण्याच्या बाटल्या चालतात. विटा आणि दगड चालत नाहीत. शिनगार्ड सामन्यात नियमानंच लागतात, सरावातही सवय लावा. बुटांसाठी एक पेटी ठेवा: ज्याचा बूट लहान झाला त्यानं धुऊन पेटीत टाकायचा, ज्याला बसेल त्यानं न्यायचा. आमच्या पेटीतला एक निळा बूट पाच मुलांच्या पायातून गेला आहे. आपल्या लाल मातीवर रबरी स्टडच बरे.

५. गट पाडणं

सहा ते नऊ, दहा ते बारा, तेरा ते पंधरा. पहिल्या गटात चार विरुद्ध चार, कीपरशिवाय. दुसऱ्यात सात विरुद्ध सात. अकराजणांचं मोठं मैदान तेरा-चौदानंतर. दहा वर्षांची बावीस मुलं मोठ्या मैदानावर सोडली तर काय होतं ते बाहेर उभं राहून एकदा बघा: बॉलमागं पंधरा जणांचा घोळका, आणि कोपऱ्यातली दोन मुलं गवत उपटत बसलेली.

बाराव्या-तेराव्या वर्षी एखादा मुलगा अचानक हातभर वाढतो. सगळे म्हणतात, हाच स्टार. त्याला आठवड्यातून एक दिवस वरच्या गटात खेळवा, म्हणजे त्याला डोकं चालवावं लागेल. आणि जो अजून वाढलेला नाही, पण बॉल पायाला चिकटतो, त्याला सोडू नका. डिसेंबरात जन्मलेलं मूल जानेवारीतल्यापेक्षा जवळजवळ वर्षानं लहान असून त्याच गटात खेळत असतं. पहिल्या निवडीत तेच गळतं.

मुली दहापर्यंत मुलांबरोबर खेळू देत. सहावी-सातवीत त्या गळायला लागतात, आणि कारण खेळ आवडत नाही हे क्वचितच असतं. हाफ पँट, कपडे बदलायला आडोसा नाही, घरी पोचेपर्यंत अंधार. म्हणून ट्रॅक पँट चालते असं आधीच जाहीर करा, शाळेची एक खोली उघडून घ्या, आणि हिवाळ्यात त्यांचा सराव साडेपाचलाच संपवा. नोव्हेंबर-डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो.

६. सराव: पंचाहत्तर मिनिटं कशी घालवायची

दहा ते बारा वयाच्या गटासाठी, सोळा-वीस मुलं धरून.

पहिली १० मिनिटं: येईल त्यानं खेळायला लागायचं. दोन दोन, तीन तीन. उशिरा येणाऱ्यांची वाट बघत सगळ्यांना बसवू नका.

पुढची १५ मिनिटं: अंग गरम करणं, बॉल घेऊनच. फिफाचा लहान मुलांसाठीचा ‘इलेव्हन प्लस किड्स’ हा व्यायामसंच नेटवर फुकट मिळतो: एका पायावर तोल, उडी मारून गुडघा वाकवत उतरणं, पडताना खांद्यावर गोल फिरणं. दिसायला साधं आहे, पण नेमानं करणाऱ्या गटांत दुखापती बऱ्याच कमी झाल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. मैदानाला दहा चकरा हा वॉर्मअप नाही. आणि चकरा शिक्षा म्हणून तर कधीच नकोत. पळणं म्हणजे शिक्षा असं एकदा मुलाच्या डोक्यात बसलं की संपलं.

पुढची २० मिनिटं: एकच कौशल्य. एका दिवशी एकच. समजा, बॉल पायावर घेणं. तिघांचे गट करा, १०-१२ पावलांच्या अंतरावर. मधला मुलगा बॉल घेऊन वळून पलीकडं देणार. बॉल निघाल्याबरोबर त्याच्या मागचा मुलगा बोटं वर करतो, दोन, चार, कितीही. मधल्यानं बॉल पायाला लागायच्या आत मान वळवून आकडा ओरडायचा. पहिल्या दिवशी दहातली आठ मुलं बॉल हुकवतात, कारण आयुष्यात प्रथमच ती बॉलवरून नजर काढत असतात. तिसऱ्या आठवड्यात आकडा आधी येतो, मग बॉल, आणि बॉल येताना शरीर आपोआप तिरकं झालेलं असतं. ते तिरकं उभं राहणं शब्दांत सांगून जमत नाही, बोटांनी जमतं.

पुढची २५ मिनिटं: चार विरुद्ध चार, ३० बाय २० मीटर, दोन-तीन मैदानं शेजारी शेजारी. शिकवलेल्या कौशल्याला बक्षीस ठेवा: वळून पुढं गेलास तर गोल दोनचा. या वेळात तुम्ही गप्प राहायचं. ‘मार, मार, सोड, पास दे’ असं बाहेरून सतत ओरडलं की मुलं स्वतः बघायची थांबतात आणि तुमच्या आवाजाकडं बघतात.

शेवटची ५ मिनिटं: पाणी, एक प्रश्न (‘आज काय जमलं?’), साहित्य मोजून आत.

सर्वांत मोठी चूक रांगेची. गोलसमोर दहा मुलांची रांग, एकेकानं येऊन मारायचं, मागं जायचं. एका मुलाला वीस सेकंद धरली तरी पुन्हा नंबर यायला तीन मिनिटं लागतात. तासाभरात जेमतेम अठरा वेळा बॉल पायाला. त्याच वेळात चार विरुद्ध चार खेळणारं मूल कितीतरी पट जास्त वेळा बॉलला लागतं.

शब्द ठरवून घ्या. आपल्या मैदानावर एक मूल घरी मराठी बोलतं, शाळेत कन्नड, शेजारचं उर्दू. प्रत्येकानं वेगळं ओरडलं तर कुणाला काही कळत नाही. सहाच शब्द ठेवा, उदाहरणार्थ ‘मान वर’, ‘वळ’, ‘मागं माणूस’, ‘वेळ आहे’, ‘बाहेर’, ‘माझा’, आणि त्यातले दोन कन्नड घरच्या मुलांकडून विचारून घ्या. महिन्याभरात सगळ्यांच्या तोंडी एकच भाषा होते.

हेडिंग, म्हणजे डोक्यानं बॉल मारणं, बारापर्यंत शिकवू नका. अमेरिकेत दहा आणि त्याखालच्या मुलांना हेडिंग बंद आहे, इंग्लंडनंही लहान गटांतून ते काढत आणलं आहे.

तपासा: आठवड्याचा एकूण सराव तासांत मोजा. मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा तो जास्त नको, आणि किमान एक दिवस पूर्ण सुट्टी. शाळेचा संघ, क्लब आणि टर्फवरचा रविवार असं तिन्ही धरून.

पावसाळ्यात सराव आठवड्यातून दोन दिवसांवर आणा. शाळेचा हॉल किंवा तासावर मिळणारा टर्फ, कमी उसळणारा बॉल, छोट्या जागेतले खेळ. टर्फवर धातूचे स्टड नकोत.

७. दुखापत आणि वळीव

पाय मुरगळला की घरी आजी हळद-चुना लावते किंवा कुणीतरी चोळून देणाऱ्याकडं नेतं. पहिले दोन-तीन दिवस चोळणं नाही, शेक नाही. फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५ मिनिटं, पट्टी, पाय उशीवर. मुलाला चार पावलंही टाकता येत नसतील तर एक्स-रे.

डोक्याला मार बसून मूल गोंधळलं, उलटी झाली, डोकं धरलं तर त्या दिवशी पुन्हा मैदानात नाही, ‘मी बरा आहे’ म्हणालं तरी नाही, आणि डॉक्टरांनी बघितल्याशिवाय पुढंही नाही. पक्का दात निखळून पडला तर मुळाला हात न लावता तो दुधात टाका आणि तासाभराच्या आत दंतवैद्याकडं. रुग्णवाहिका १०८.

वाढत्या वयात गुडघ्याच्या वाटीखाली हाडाचा उंचवटा दुखणं किंवा टाच दुखणं हे सोंग नसतं. वाढीच्या जागेवर ताण येतो. उड्या आणि पळणं कमी करा, दुखणं राहिलं तर डॉक्टर. सामन्यापुरतं दुखणं मारायला इंजेक्शन किंवा गोळी देऊन मुलाला उतरवू नका. कधीच नाही.

सावध: एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळीव येतो. गडगडाट ऐकू आला की खेळ बंद, झाडाखाली नाही, पक्क्या इमारतीत. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबायचं. अंतिम सामना असला तरी.

८. सामने आणि मिनिटांची वही

पहिला सामना दोन महिन्यांच्या सरावानंतर, शेजारच्या गावाशी, बक्षीस नसलेला. येळ्ळूर असो की कंग्राळी, उचगाव असो की नंदगड, तिथंही तुमच्यासारखंच कुणीतरी मुलं जमवून बसलेलं असतं. फोन करा.

वहीत प्रत्येक मुलाचं नाव आणि खेळलेली मिनिटं लिहा. पहिल्या वर्षी मी लिहीत नव्हतो. मला वाटायचं, सगळ्यांना सारखंच देतो. एका मुलानं विचारलं, ‘‘काका, आज बी मी बाहेरच काय?’’ घरी येऊन आठवून मांडलं तर चार सामन्यांत त्याला अकरा मिनिटं मिळाली होती. बारापर्यंत प्रत्येकाला निम्मा सामना हा नियम आम्ही त्या रात्री केला. कीपरही फिरता ठेवा. दहाव्या वर्षी ‘तू जाड आहेस, गोलात उभा राहा’ म्हणून मुलाची जागा ठरवू नका.

स्पर्धा स्वीकारण्याआधी आयोजकांना चार गोष्टी विचारा: वय कुठल्या तारखेला धरणार, प्रत्येक संघाला किमान किती सामने, दिवसात किती सामने, प्रथमोपचाराला कोण. एका पराभवानं बाहेर जाणाऱ्या स्पर्धेसाठी मुलांना दोन तास प्रवास घडवू नका. तारखा बघताना वैशाखातली बेळगावची शिवजयंती मिरवणूक आणि गावच्या यात्रा वगळा. त्या दिवशी मुलं येत नाहीत, आणि आली तरी मन तिकडंच असतं.

प्रवास बसनं किंवा प्रवासी गाडीनं. मालवाहू टेंपोत मागं उभी मुलं घेऊन जाणं बंद करा. सोबत केळी, शेंगदाणे-गूळ, उकडलेली अंडी, भरपूर पाणी.

बक्षिसाची रक्कम आली तर ती कशी खर्च होणार हे स्पर्धेच्या आधी पालकांसमोर लिहून ठेवा. जर्सी आता शिवा.

९. पालक आणि दहावी

दर तीन महिन्यांनी एक सभा, पाऊण तासाची. वही दाखवा, हिशेब दाखवा. सामन्यात पालकांनी रेघेपासून तीन पावलं मागं उभं राहायचं आणि स्वतःच्या मुलाला खेळायच्या सूचना द्यायच्या नाहीत, टाळ्या खुशाल वाजवाव्यात.

दहावी लागली की मुलं अचानक बंद होतात आणि परत येत नाहीत. पूर्ण सुट्टी देऊ नका, कमी करा. नववीच्या शेवटी पालकांना भेटून ठरवा: डिसेंबरपर्यंत आठवड्यातून दोन दिवस, मग परीक्षा संपेपर्यंत फक्त रविवार सकाळचा एक तास. नाव हजेरीत राहू द्या. मार्च-एप्रिलची परीक्षा झाल्यावर दुसऱ्या दिवशी फोन तुम्ही करायचा, मुलाच्या फोनची वाट बघायची नाही.

१०. मूल पुढं जातं तेव्हा

शालेय वाट आधी समजून घ्या: क्लस्टर, तालुका, जिल्हा, विभाग, राज्य. शिक्षण खात्याच्या हिशेबात बेळगाव आणि चिकोडी हे दोन वेगळे जिल्हे आहेत, त्यामुळं निपाणीचं मूल चिकोडीतून खेळतं, खानापूरचं बेळगावातून. शाळेच्या शारीरिक शिक्षण शिक्षकांशी जूनमध्येच बोला. नावं जाऊन बसल्यावर काही होत नाही. सुब्रतो कपसारखी स्पर्धाही शाळेच्याच नावानं खेळली जाते.

अकादमीच्या निवड चाचणीसाठी कुणी मोठी रक्कम मागत असेल, ‘सीट पक्की’ म्हणत असेल, तर महासंघाच्या मान्यताप्राप्त अकादमींच्या यादीत नाव आहे का बघा आणि तिथल्या कार्यालयात स्वतः फोन करा. पैसे कुणाच्या वैयक्तिक खात्यावर मागितले तर तिथंच थांबा. चाचणीला मुलाबरोबर आई-वडिलांपैकी एकानं जायचं. राहायची सोय, शाळा कुठली, दुखापत झाली तर खर्च कुणाचा, हे लेखी घ्यायचं.

कोल्हापूर, गोवा, बेंगळुरू, कुठंही बोलावणं आलं तर अडवू नका. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. त्यासाठी त्याला घर लहान वयातच सोडावं लागलं होतं. बदलीचे कागद आठवड्यात करून द्या. फाइल, मिनिटांच्या वहीतली त्याची पानं आणि दुखापतींची नोंद हातात द्या, म्हणजे पुढच्या प्रशिक्षकाला शून्यापासून सुरू करावं लागणार नाही. त्याचे बूट लहान झाले असतील तर तेवढे धुऊन पेटीत टाकायला सांगा.